स्टीमची तपासणी दर वेळी एक फाइल नापास करते, तेव्हा काय बघायचं

गेम मध्येच बंद पडतो म्हणून तुम्ही स्टीममध्ये, म्हणजे संगणकावरचे गेम जिथून विकत घेता आणि चालवता त्या लाँचरमध्ये, त्याच्या नावावर राइट क्लिक करता, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन इन्स्टॉल्ड फाइल्सखालचं व्हेरिफायचं (फाइल तपासणीचं) बटण दाबता. पट्टी भरते आणि निरोप येतो की एक फाइल तपासणीत उतरली नाही, ती पुन्हा आणली जाईल. आणली जाते. दोन दिवसांनी गेम परत पडतो, परत तपासणी, परत एक फाइल. मग कोणीतरी मित्र 'अनइन्स्टॉल मार आणि नवीन टाक' असा हमखास सल्ला देतो. सत्तर-ऐंशी जीबी नव्याने उतरतात आणि एक फाइल नापासच.

हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. डेटा वाया जातो तो जातोच, पण त्यात सेव्ह, म्हणजे खेळातली तुमची साठवलेली प्रगती, गमावण्याचाही धोका असतो. लाँचर तीन वेगवेगळे हिशेब ठेवतो: गेमच्या फाइल, तुम्ही विकत घेतलेल्या जादा सामग्रीचे (डीएलसीचे) हक्क, आणि तुमचे सेव्ह. या तिन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. व्हेरिफायचं बटण फक्त पहिल्याला हात लावतं. तरीही डीएलसी दिसलं नाही की लोक तपासणी करतात, सेव्ह उडाला की तपासणी करतात, आणि तपासणी फसली की गेमच काढून टाकतात. एखाद्या जुन्या गेमचे सेव्ह त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असतात आणि क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवर प्रत ठेवण्याची, सोय नसते. मग फोल्डर साफ करायला गेलं की सेव्हही साफ होतात.

पहिलं काम: सेव्हची नक्कल

काहीही दुरुस्त करायला घेण्याआधी स्टीम पूर्ण बंद करा. फुलीचं बटण दाबून खिडकी गेली तरी तो खाली घड्याळाजवळ चालूच असतो, तिथून एक्झिट करा. मग सेव्हचं फोल्डर शोधून दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा.

ते कुठे असतं हे गेमगणिक बदलतं. स्टारड्यू व्हॅली आणि एल्डन रिंग दोन्ही रोमिंग फोल्डरात ठेवतात. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ॲपडेटा हा शब्द लिहिला की ते उघडतं. स्कायरिम डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये ठेवतो, विचर ३ डॉक्युमेंट्समध्ये स्वतःच्या नावाचं फोल्डर करतो. काही गेम स्टीमच्या यूजरडेटा फोल्डरात, तुमच्या खात्याच्या आकड्याखाली, रिमोट नावाच्या फोल्डरात लिहितात. तुमच्या गेमचा पत्ता माहीत नसेल तर पीसीगेमिंगविकीवर त्या गेमचं पान उघडा. तिथे सेव्हची जागा आणि कोणत्या लाँचरवर क्लाउड चालतो याचा तक्ता असतो.

स्टीममध्ये 'बॅकअप गेम फाइल्स' अशी एक सोय आहे. ती फक्त गेमच्या फाइलींची गाठोडी बांधते, सेव्ह त्यात धरलेले नसतात. नाव बघून फसू नका.

तपासणीत होतं काय

स्टीमवरचा प्रत्येक गेम एका किंवा अनेक डेपोंमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक डेपोच्या प्रत्येक आवृत्तीची एक मॅनिफेस्ट असते. मॅनिफेस्ट म्हणजे यादी: कोणत्या फाइल, किती आकाराच्या, आणि त्यांच्या साधारण एक एमबीच्या तुकड्यांची ओळख काय. ही ओळख म्हणजे तुकड्यातल्या मजकुरावरून काढलेला एक हॅश. तपासणी करताना स्टीम तुमच्या डिस्कवरची फाइल वाचतो, तुकड्यातुकड्याने हॅश काढतो आणि यादीशी पडताळतो. जो तुकडा जुळत नाही तेवढाच पुन्हा मागवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तपासणीला वेळ लागतो तो डिस्कमुळे; इंटरनेट नावापुरतंच वापरलं जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड-दोन जीबीत भागवणाऱ्यानेही ती बिनधास्त करावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाणी यादी हातात घेऊन सामानावर टिक करत जातो तशी ही तपासणी असते: यादीतलं पिशवीत आहे का एवढं तो बघतो, पिशवीत यादीबाहेरचं काय पडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे तुम्ही कधीकाळी टाकलेला मॉड (गेममध्ये बदल करणारी बाहेरची भर), गेमचं चित्र बदलणाऱ्या रीशेडने गेमच्या फोल्डरात ठेवलेली डीएलएल फाइल, विचर ३ च्या मॉड्स फोल्डरातला जुना पसारा, हे सगळं तपासणीनंतर जागच्या जागी राहतं. 'सर्व फाइल ठीक' असा निरोप येऊनही गेम पडत असेल तर पहिला संशय या उपऱ्यांवर घ्या. आणि अनइन्स्टॉल केलं तरी स्टीम बहुतेक वेळा स्वतः ठेवलेल्याच फाइल काढतो, उपऱ्या मागे राहतात. म्हणून मॉडवाला गेम खरोखर कोरा हवा असेल तर अनइन्स्टॉलनंतर स्टीमॲप्समधल्या कॉमनमध्ये जाऊन त्याचं उरलेलं फोल्डर हाताने काढावं लागतं. सेव्हची नक्कल झालेली आहे ना, हे त्याआधी एकदा बघा.

तीच फाइल की दर वेळी वेगळी?

सगळ्या निदानाचा कणा हा प्रश्न आहे आणि निरोपातल्या आकड्यावरून त्याचं उत्तर मिळत नाही. 'एक फाइल' म्हणजे कोणती फाइल? स्टीमच्या मुख्य फोल्डरात लॉग्ज नावाचं फोल्डर असतं, त्यात कंटेंट लॉग ही टेक्स्ट फाइल. नोटपॅडमध्ये उघडून सर्वांत खाली जा. तपासणीच्या वेळेच्या ओळी दिसतील, त्यात कोणती फाइल जुळली नाही किंवा गायब होती ते लिहिलेलं असतं. लागोपाठ दोनदा तपासणी करा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा.

तीच फाइल पुन्हा पुन्हा येत असेल तर ती आणल्यानंतर कोणीतरी बदलतंय किंवा उचलून नेतंय.

यातला निरुपद्रवी प्रकार म्हणजे सेटिंगची फाइल. काही गेमची सेटिंग फाइल मॅनिफेस्टमध्येच धरलेली असते. तुम्ही रेझोल्यूशन बदललं की ती बदलते आणि तपासणीत नापास होते. अशा फाइलींकडे दुर्लक्ष करा असं स्टीमचं मदतपानच सांगतं. फाइलच्या नावात कॉन्फिग किंवा सेटिंग्ज असेल आणि गेम नीट चालत असेल तर तुम्हाला मुळात काही समस्याच नाही.

फाइल डीएलएल किंवा ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची, असेल तर संशय अँटिव्हायरसवर. विंडोज सिक्युरिटीमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी उघडा आणि त्या तारखेच्या नोंदी बघा. स्टीमने फाइल आणली, अँटिव्हायरसने ती क्वारंटाइन केली, म्हणजे उचलून कोंडून ठेवली, तुम्ही परत तपासणी केली, परत आणली, परत उचलली. हे चक्र वर्षभरसुद्धा चालू शकतं, कारण दोघेही आपापलं काम चोख करत असतात. गेम अधिकृत दुकानातून घेतलेला असेल तर त्या गेमपुरतं फोल्डर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या सूट यादीत, टाका आणि मग तपासणी करा. अख्खा ड्राइव्ह किंवा अख्खं स्टीम सूट यादीत टाकू नका. स्टीमवरच्या मॉडच्या वर्कशॉपमधून आणि मॉडच्या साइटवरून काय काय येतं ते आपल्याला ठाऊक असतं. संगणकात विंडोजचा आणि दुकानदाराने मशीनबरोबर टाकून दिलेला असे दोन अँटिव्हायरस असतील तर दोन्हींच्या नोंदी बघाव्या लागतील.

आणि दर वेळी वेगळी फाइल निघाली तर

आज एक पॅक फाइल (गेमची बरीच सामग्री एकत्र बांधलेली मोठी फाइल), उद्या आवाजाची, परवा तीन निराळ्याच. इथे स्टीमचा दोष जवळजवळ कधीच नसतो. जे लिहिलं ते वाचताना वेगळं येतंय, म्हणजे डिस्क, रॅम किंवा प्रोसेसर यांपैकी कोणीतरी चुकतंय. गेमचे तुकडे दाबून पाठवलेले असतात आणि उतरताना प्रोसेसर ते उलगडतो. त्यामुळे डळमळीत प्रोसेसर किंवा रॅम असेल तर चांगला आलेला तुकडाही वाकडा लिहिला जातो. तपासणीचं उलटंही होऊ शकतं: फाइल ठीक आहे, पण वाचताना रॅमने दगा दिला आणि हॅश चुकला.

क्रम असा ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं) प्रोफाइल बंद करा, ओव्हरक्लॉक करून प्रोसेसरचा वेग वाढवला असेल तर तेही काढा, आणि दोनदा तपासणी करा. आता निकाल स्थिर आला तर तुमचा गुन्हेगार सापडला. नाही आला तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही चूक दिसली तरी ती रॅम संशयित धरायची. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसं आहे. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयित जागांचा, आकडा वाढत असेल तर गेमचा विचार सोडा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा. बाहेरून यूएसबीने जोडलेल्या हार्ड डिस्कवर गेम असेल तर दुसरी केबल लावून बघायला विसरू नका. केबल हा भाग सगळ्यांत स्वस्त असल्यामुळेच बहुधा कोणाच्या मनात येत नाही.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर वेगळं सांगायला हवं. त्यातल्या वरच्या श्रेणीच्या चिपा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं आणि ऑगस्टपासून त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून यायला लागला. लक्षणं नेमकी गेम खेळणाऱ्यांनाच आधी दिसली: ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली असा खोटा निरोप, शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होताना गेम पडणं, फाइल उलगडताना चूक. अपडेटमुळे पुढचं नुकसान थांबतं. जी चिप आधीच बिघडली ती सुधारत नाही. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, त्यामुळे बिल शोधून ठेवा.

उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात आपल्याकडे वीज जाते, त्याचंही एक कारण यात धरावं लागतं. अपडेट लिहिलं जात असताना वीज गेली की विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये फाइलचा आकार नोंदलेला राहतो आणि आतला मजकूर मात्र नुसती शून्यं असतो. एक्सप्लोररमध्ये बघाल तर फाइल अगदी बरोबर दिसते. गेमच्या फाइलचं असं झालं तर तपासणी ते पकडते, कारण ती मजकूर वाचते. सेव्हचं झालं तर कोणीच पकडत नाही. सेव्ह यादीत नसतो. घरात इन्व्हर्टर असून वीज जाताच संगणक रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका आहे का बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जाण्याला लागणारा क्षण संगणकाला सहन होत नाही.

अपडेट वारंवार 'डिस्क राइट एरर'वर थांबत असेल तर जागा तपासा. तुकडे लहान उतरले तरी ज्या फाइलमध्ये बदल आहे ती स्टीम डाउनलोडिंग फोल्डरात नव्याने जुळवतो आणि मग जुनीच्या जागी ठेवतो. तीस जीबीच्या एकाच पॅक फाइलमध्ये दोनशे एमबीचा बदल आला तरी जवळपास तीस जीबी रिकामे लागतात. जागा पुरेशी असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये त्या ड्राइव्हच्या तीन टिंबांवर 'रिपेअर फोल्डर' आहे, ते परवानग्या दुरुस्त करतं. डाउनलोड कॅशे साफ केला तर गेम जात नाहीत, फक्त पुन्हा लॉगिन करावं लागतं.

डीएलसी घेतलं, पण गेममध्ये नाही

हा फाइलींचा प्रश्न आहे की हक्काचा, ते आधी ठरवा. प्रॉपर्टीजमध्ये डीएलसीची यादी असते. तिथे नावच नसेल तर हक्क पोहोचलेला नाही: स्टीममधून साइन आउट करून परत या, आणि चुकून दुसऱ्या खात्यावर किंवा दुसऱ्या लाँचरवर तर घेतलं नाही ना ते बघा. एपिक या दुसऱ्या लाँचरवर मूळ गेम आणि स्टीमवर डीएलसी असं जुळत नाही, आणि सवलतीच्या दिवसांत ही गफलत बरीच होते. नाव आहे पण समोर खूण नसेल तर खूण करा, डाउनलोड सुरू होईल. नाव आहे, खूण आहे, आणि डाउनलोड मात्र काहीच झालं नाही? घाबरू नका. बरीच डीएलसी मूळ गेमच्या फाइलींमध्ये आधीच आलेली असतात, विकत घेतल्यावर फक्त कुलूप निघतं. अशा वेळी गेमच्या आतच काहीतरी व्हायचं असतं: नवा गेम सुरू करणं, ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचणं, किंवा मुख्य मेनूत ते चालू करणं.

घरच्यांमध्ये गेम वाटून घेण्याच्या स्टीम फॅमिलीजमध्ये एकाच गेमच्या दोन प्रती असतील, एक तुमची आणि एक दादाची, तर डीएलसी ज्या प्रतीला जोडलंय ती प्रत निवडून खेळावं लागतं. सेव्ह मात्र ज्याचे त्याचे.

क्लाउड जुना सेव्ह परत आणतो

सगळ्यांत जास्त रडारड इथे होते, आणि मूळ कारण म्हणजे क्लाउडला लोक बॅकअप समजतात. स्टीम क्लाउड दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवतो. गेम सुरू होताना उतरवतो, बंद झाल्यावर चढवतो. कालची, परवाची प्रत मागितली तर त्याच्याकडे ती नसते. तुमचा सेव्ह शून्यांनी भरला आणि गेम बंद झाला, तर ती शून्यंच इमानेइतबारे वर जातात.

नेहमीचा प्रसंग असा. हॉस्टेलच्या लॅपटॉपवर खेळून गेम बंद केला आणि लगेच झाकण मिटलं. चढवणं झालंच नाही. सुट्टीत घरी येऊन डेस्कटॉपवर खेळलात. परत गेल्यावर लॅपटॉप विचारतो, इथला ठेवू की क्लाउडचा? त्या पेटीत घाईने काहीही दाबू नका. रद्द करा, स्टीममधून बाहेर पडा, इथल्या सेव्हच्या फोल्डराची नक्कल काढा. मग क्लाउडचा निवडा आणि गेममध्ये जाऊन बघा. तो चुकीचा निघाला तर गेम बंद करून नक्कल परत ठेवता येते. पुढच्या वेळी पेटी आली की इथला निवडायचा. क्लाउडवर सध्या काय आहे ते ब्राउझरमधून स्टीम खात्यात, रिमोट स्टोरेजच्या पानावर दिसतं आणि तिथून उतरवताही येतं. इथल्या फाइलींना हात लावण्याआधी तेही उतरवून ठेवा.

पेटीतल्या वेळेवर विसंबण्याआधी संगणकाचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर तारीख भलतीच असते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेले असतील तर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं, कारण लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजतो. रात्री दहाचा सेव्ह मग दुपारी साडेचारचा दिसतो आणि माणूस जुनाच निवडून बसतो.

सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असेल तर मायक्रोसॉफ्टचा वनड्राइव्ह हा क्लाउडही त्यात लुडबुड करतो. विंडोजच्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये बऱ्याच जणांचं डॉक्युमेंट्स फोल्डर नकळत वनड्राइव्हखाली गेलेलं असतं. एकाच फोल्डरावर दोन सेवा सिंक करायला लागल्या की फाइलींच्या नावाला संगणकाचं नाव चिकटलेल्या दुहेरी प्रती दिसू लागतात, किंवा जागा वाचवायला वनड्राइव्हने फाइल वर नेऊन इथे नुसतं नाव ठेवलेलं असतं. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट्सचा बॅकअप थांबवा. निदान सेव्हच्या फोल्डरावर राइट क्लिक करून ते कायम याच संगणकावर राहील असं करा. गेम सेव्हच करू शकत नसेल तर रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू आहे का तेही बघा. ते अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही.

यूबिसॉफ्टचे गेम स्टीमवर घेतले तरी सेव्ह यूबिसॉफ्ट कनेक्ट सांभाळतो, त्यामुळे स्टीमच्या क्लाउडची चालू-बंद बटणं दाबून तिथे काही साधत नाही. गॉग गॅलक्सी या लाँचरने २०२४ मध्ये क्लाउडवर दर गेममागे २०० एमबीची मर्यादा घातली. शेकडो सेव्ह साठवणाऱ्यांनी जुने दुसरीकडे हलवलेले बरे.

सेव्ह खरोखर खराब झालाच असेल तर गेमनेच ठेवलेली आधीची प्रत शोधा. स्टारड्यू व्हॅली प्रत्येक शेताच्या फोल्डरात आदल्या दिवसाच्या दोन फाइली ओल्ड असं शेपूट लावून ठेवतो. मूळ दोन बाजूला काढून या दोघींचं शेपूट कापलं की एक दिवस मागे जाऊन खेळ सुरू होतो. एल्डन रिंगमध्ये सेव्हशेजारी बॅक एक्स्टेन्शनची जुळी फाइल असते. हे करताना त्या गेमचा क्लाउड प्रॉपर्टीजमधून बंद ठेवा, नाहीतर तो वरची खराब प्रत परत आणून बसवेल. गेम नीट उघडला, एकदा सेव्ह झाला, की क्लाउड चालू करा आणि विचारल्यावर इथली प्रत निवडा.

पुढच्यासाठी लुडुसावी नावाचं फुकट, मुक्तस्रोत साधन टाकून ठेवा. ते पीसीगेमिंगविकीच्या माहितीवरून संगणकावरचे सगळे सेव्ह शोधतं आणि हव्या त्या ड्राइव्हवर नक्कल काढतं. सेटिंगमध्ये जुन्या प्रती किती ठेवायच्या तो आकडा एकावरून वाढवा, कारण एकच प्रत ठेवली तर खराब सेव्ह चांगल्यावर बसायला वेळ लागत नाही.